बदकबाईंची डबी

माझ्या सासूबाईंना गावात कोणी त्यांच्या नावाने ओळखत नाही. भाजीवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, बदकबाई. बर्फाच्या उतारावर चार-पाच वर्षांच्या पोरांना स्की शिकवणं हे त्यांचं काम. पुढे त्या आणि मागे पिवळी टोपडी घातलेली पोरं, एका रांगेत, डुलत डुलत. हे बघून ज्याला पहिल्यांदा बदक आठवलं त्याला दोष देता येत नाही. गावातली निम्मी माणसं कधी ना कधी त्या रांगेत होती. दातांच्या डॉक्टरीणबाईसुद्धा. त्यांनी सुई हातात घेऊन जरा चाचपडल्यासारखं केलं की सासूबाई खुर्चीतूनच दटावतात, "गुडघे वाकव, घाबरू नकोस!"

मला स्की येत नाही. लग्नानंतर एकदा त्यांनी हौसेने मला उतारावर उभं केलं. मी बसले, ती बसलेच. तेव्हा म्हणाल्या, "तू आपली देवाजवळ बसत जा. तिथे घसरायची भीती नाही." तेव्हापासून आमची वाटणी ठरली. सकाळी त्या डोंगराकडे, मी देवाकडे. रोज वहीत चार ओळी लिहायची मला सवय आहे, पण ही हकिकत चार ओळींत मावणारी नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंना स्की कोणी शिकवली नाही. उताराच्या वरच्या अंगाला स्की शाळेची खानावळ होती, तिथे त्या भांडी घासायला लागल्या होत्या. मुलांची खोली उताराच्या पायथ्याशी. मधल्या सुट्टीत मुलांना गरम दूध लागायचं आणि ते वळणावळणाच्या पायवाटेने खाली नेईपर्यंत त्याच्यावर साय धरून ती थिजायची. एका हिवाळ्यात सासूबाईंनी कोणीतरी टाकून दिलेल्या स्की पायाला बांधल्या, दोन्ही हातांत पेल्यांचं तबक घेतलं आणि सरळ उतारावरून निघाल्या. पहिल्या दिवशी सगळं दूध बर्फ प्यायला. दुसऱ्या दिवशीही बर्फच प्यायला. खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "अगं, बर्फाला पाजून तो वाढणार आहे का?" पण हिवाळा सरता सरता थेंब सांडेनासा झाला. हातात काठ्या नाहीत, तबकामुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. कमरेखालचं अंग उताराच्या मर्जीने हलतंय आणि कमरेवरचं अंग मूर्तीसारखं निश्चल. शाळेचे तेव्हाचे मुख्य ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईच्या हातात दूध कशाला देता? पोरं द्या."

त्यांची शिकवण्याची रीतही त्यातूनच आली. "छातीशी भरलेला पेला धरलाय असं समजा. सांडायचा नाही." बस्स. बाकी शिक्षक गुडघे, घोटे, कोन असलं काय काय सांगतात. सासूबाईंचा सगळा धडा एका पेल्यात.

गेल्या उन्हाळ्यात त्या जिन्यात थांबायला लागल्या. आधी म्हणायच्या, "खिडकीतून बघतेय." मग एके दिवशी कांदा चिरता चिरता हातातली सुरी खाली आली आणि पाठोपाठ त्याही. मी धावले. चेहरा ओल्या कागदासारखा. डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य, "कांदा जळला का गं?" कांदा अजून पाटावरच होता.

डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून आम्हाला दाखवलं. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक ठिपका दिला. म्हणाले, "ठोक्याची ठिणगी इथे पडते. यांच्यात ती जागा थकली आहे. धावपळ केली तरी ठोके वाढतच नाहीत." मी त्या ठिपक्याकडे बघतच राहिले. एवढीशी जागा! आईच्या पोटात असल्यापासून एक क्षणही विसावा नाही, कोणाला सांगावं लागत नाही, कोणी वाती सारत नाही. मी इतकी वर्षं देवापुढे दिवा लावते आणि माझ्या स्वतःच्या छातीत कोणी दिवा लावून ठेवलाय याची मला गंधवार्ता नव्हती. दवाखान्यातल्या त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्याच मी हात जोडले.

डाव्या खांद्याच्या हाडाखाली पेसमेकर बसवायचं ठरलं. डॉक्टरांनी नमुन्याची डबी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी केली. "एवढ्याशा डबीत माझा जीव? माझी सुयांची डबी याहून मोठी आहे."

"आजी, ही डबी तुम्ही चालायला लागलात की ओळखते," डॉक्टर म्हणाले. "तुमचं अंग हललं की ती ठोके वाढवते, बसलात की कमी करते."

"म्हणजे सुनेपेक्षा हुशार," सासूबाई म्हणाल्या. मी हसले. त्या अशा बोलल्या म्हणजे घाबरल्या आहेत, हे इतक्या वर्षांत मला कळायला लागलं आहे.

शस्त्रक्रिया झाली. जखम भरून आतल्या तारा पक्क्या होईपर्यंत डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता, म्हणून त्यांची वेणी मी घालायची. वेणी घालताना समोरासमोर नसल्यामुळे की काय, आम्ही त्या दिवसांत जितकं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो. एकदा त्या म्हणाल्या, "आतून कोणीतरी बारीक टिचकी मारतंय असं वाटतं गं. जाग आहे का, जाग आहे का, असं." मी म्हटलं, "आई, देव विचारत असेल." त्या म्हणाल्या, "तुझा देव आहे, तुला विचारेल. मला ही कारखान्यातली विचारतेय."

आमच्या ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. बर्फाचे काळे चष्मे विकून घर चालतं, पण आईने पुन्हा बर्फावर पाऊल टाकावं हे ह्यांना नको होतं. "आई, पुष्कळ झालं आता. घरी बस."

"घरी बसून काय करू? तुझ्या बायकोला देव पुरतो. मला पोरं लागतात."

"डॉक्टर काय म्हणतात ते तरी..."

"डॉक्टर हो म्हणालेत. खांद्यावर आपटायचं नाही आणि डबीवर पिशवीचा पट्टा येऊ द्यायचा नाही, एवढंच. तुला लेखी आणून देऊ?"

मी त्यांच्या बंडीला आतून डाव्या खांद्याखाली कापसाची गादी शिवून दिली. हे मला म्हणाले, "तूही तिलाच सामील!" मी मान हलवली. सुई तोंडात होती.

पहिला बर्फ जमला. शाळेचा नियम असा, की आजारपणातून उठलेल्या शिक्षकाने मुलांना हात लावण्याआधी मुख्य शिक्षकांबरोबर मोठा उतार न थांबता उतरून दाखवायचा. आताचे मुख्य चांगले सहा फुटी आहेत, दाढीवाले आहेत, गावात वजन आहे. पण सासूबाईंच्या रांगेत ते शेवटचे असायचे आणि त्यांचं नाक सतत वाहायचं, म्हणून सासूबाई आजही त्यांना शेंबड्याच म्हणतात. तेही "बाई, लोकांसमोर तरी नको ना" म्हणतात आणि ऐकून घेतात.

त्या दिवशी आम्ही दोघी बसने उतारापर्यंत गेलो. रस्ता खड्ड्यांचा. वाटेत सासूबाईंनी छातीवर हात ठेवला. "काय गं ही डबी! बसल्या जागी धावत सुटलीय. धडधड धडधड." मला वाटलं, परीक्षेची धास्ती.

मी पायथ्याशी उभी राहिले. वरच्या वळणावर दोन ठिपके दिसले, एक मोठा, एक छोटा. छोटा ठिपका असा उतरत होता, जसं पांढऱ्या कापडावरून कोणी बोट फिरवावं. पाय वळत होते आणि वरचं अंग जागच्या जागी. मी मनात नाव घेत होते आणि म्हणत होते, देवा, यांना असंच स्थिर ठेव.

शेवटचा टप्पा राहिला आणि छोटा ठिपका मंदावला. मग थांबला. मग बर्फात बसला.

मुख्यांच्या दंडाला धरून त्या चालत खाली आल्या. ओठ निळसर. "डोळ्यांपुढे पडदा आला," एवढंच म्हणाल्या. मुख्यांनी त्यांना बाकावर बसवलं, स्वतः गुडघ्यावर बसून त्यांच्या बुटांचे पट्टे सोडले आणि वर न बघता म्हणाले, "बाई, बुटांच्या खोलीत जबाबदार माणूस लागतंच. ओले बूट वाळवायचे, पोरांना घालून द्यायचे. तुमच्याशिवाय..."

मला वाटलं, आता सासूबाई त्यांना "शेंबड्या" म्हणून दोन शब्द सुनावतील. त्या म्हणाल्या, "बरं."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून नुसतं "बरं" कधी ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि स्वयंपाकघरात चमच्यांच्या खणात टाकली. संध्याकाळी दिवा लावताना मी देवाशी भांडले. म्हटलं, डबी दिलीस तर अर्धीच का दिलीस?

डबीची तपासणी ठरलेली होतीच. दवाखान्यात ती तपासणारी मुलगी केसांना बो बांधलेली, कॉलेजातून आत्ताच आल्यासारखी. तिने एक सपाट चकती सासूबाईंच्या खांद्यावर ठेवली आणि पडद्यावर त्यांचे ठोके उमटले. ते बघताना मला कोणाच्या तरी घरात न विचारता डोकावल्यासारखं वाटलं. डबी ठीक, तारा ठीक, सेल ठीक. तिने सासूबाईंना बोळातून भराभर चालवून आणलं. ठोके शहाण्यासारखे वाढले.

"मग आजी, बर्फावर काय झालं?"

"डोळ्यांपुढे पडदा आला."

"खूप जोरात हालचाल करत होतात?"

"मी? मी पोरांना शिकवते, बाळ. आदळआपट करत नाही."

मुलीने खुर्ची मागे सारली. "कसं उतरता ते करून दाखवता? इथेच?"

सासूबाई उभ्या राहिल्या. चपला बाजूला सारल्या. गुडघे वाकवले आणि दवाखान्याच्या फरशीवर, दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत, उतार उतरायला लागल्या. मला हसू येणार होतं, पण आलं नाही. गुडघे डावीकडे, उजवीकडे, खाली, वर. मांड्या थरथरायला लागल्या, कपाळावर घाम आला. आणि खांदे? खांद्यांना जणू या सगळ्याची खबरच नव्हती. मुलीने टेबलावरचा पाण्याचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला. काठोकाठ भरलेला. पाणी हललं नाही.

पडद्यावर ठोके होते तिथेच. साठ.

मुलीने पडद्याकडे बघितलं, पेल्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आजी, डबी छातीत आहे. छाती हलली तरच तिला कळतं. आणि तुमची छाती हलतच नाही! तुम्ही डोंगर उतरताय आणि तिला वाटतंय, आजी खुर्चीत बसून वाती वळतायत."

"वाती ही वळते," सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"आणि बसमध्ये धडधड?" मी विचारलं.

"खड्ड्यांनी छाती हलली ना! तिला वाटलं, आजी पळतायत."

सासूबाई पेला हातात घेऊन तशाच उभ्या. "म्हणजे मी चांगलं उतरले म्हणून पडले?"

"एखादा शिकाऊ असता तर हातपाय झाडत उतरला असता आणि त्याचे ठोके बरोबर वाढले असते," मुलगी म्हणाली. "मी हे असं कधी बघितलं नव्हतं, आजी. खरंच नाही."

मीही बघितलं नव्हतं. इतकी वर्षं मी सकाळी डोळे मिटून बसते. अंग स्थिर, मन स्थिर, हेच मागते. आणि दोन मिनिटांत नाकाला खाज येते, पायाला मुंग्या येतात, दूध उतू जाईल का याची काळजी लागते. आणि ही बाई, जिने कधी धड पूर्ण प्रार्थना म्हटली नाही, ती डोंगरावरून वेगाने घसरताना अशी स्थिर होते की तिच्या उराशी झोपलेल्या यंत्रालासुद्धा कळत नाही. जे मी देवाजवळ बसून मागत होते ते माझ्याच घरात खांद्यावर शाल घेऊन वावरत होतं.

मुलीने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी डबी थोडी जास्त जागरूक करून दिली, वरूनच, अंगाला हात न लावता. पण म्हणाले, "फार तिखट केली तर बसमध्ये तुम्ही रोज शर्यत धावाल. उरलेलं तुम्हाला करावं लागेल. निघण्याआधी हात हलवा, उतरताना खांदे हलवा. अंगाला जरा अस्ताव्यस्त होऊ द्या."

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "तू देवाकडे काय मागत होतीस त्या दिवशी, पायथ्याशी?"

"तुम्हाला स्थिर ठेव म्हणून."

"तरीच!" त्या म्हणाल्या. "ऐकलं बघ त्याने." आणि बसमध्ये इतक्या हसल्या की पुढचे लोक मागे वळून बघायला लागले.

हसणं वेगळं, करणं वेगळं. दुसऱ्या दिवसापासून त्या बैठकीच्या खोलीत आरशासमोर खांदे हलवायला लागल्या आणि दर वेळी अंग आपोआप मूर्ती व्हायचं. अक्षर सुंदर असलेल्या माणसाला मुद्दाम गिचमिड काढायला सांगावं तसं. "लाज वाटते गं," त्या म्हणाल्या. "जे करू नका म्हणून पोरांना जन्मभर ओरडले, तेच." ह्यांनी दारातून बघितलं. मला वाटलं, आता चिडणार. हे आत आले आणि आईच्या शेजारी उभे राहून हात पसरून फडफडायला लागले. "असं, आई. मी लहानपणी असाच उतरायचो आणि तू मला रागवायचीस."

"तू अजूनही तसाच उतरतोस," त्या म्हणाल्या, पण हात हलवू लागल्या.

मुख्य पुन्हा एकदा बघायला तयार झाले. बाईंसाठी नाही म्हणणं त्यांना जमलं नसतंच. सासूबाई मला म्हणाल्या, "या वेळी तू वर चल. खाली उभी राहून नाव घेतेस, ते वर पोचायला वेळ लागतो."

तारेवरच्या पाळण्यात बसून मी पहिल्यांदा डोंगरमाथ्यावर गेले. वर उतरले आणि पाय जागीच थांबले. चारी बाजूंनी शिखरं, एकामागे एक, निळी, मग फिकी, मग नुसती असल्याची खूण. खाली आमचं गाव, मुठीत मावेल एवढं. आवाज नाही. एवढं सगळं रोज इथे होतं आणि मी खाली पडदे धूत होते! सासूबाई शेजारी आल्या. "रोज काही बोलत नाही म्हणून तुला वाटत असेल मला देवाचं वेड नाही," त्या हळू म्हणाल्या. मग लगेच, "चल, डोळे पूस. गोठतील."

त्यांनी हात पसरले आणि जागच्या जागी फडफडायला सुरुवात केली. बाजूला उभे असलेले दोन तरुण शिक्षक फिसकन हसले. मुख्य म्हणाले, "बाई, हे काय?"

"ठिणगी पेटवतेय. तू नाक पूस."

त्या निघाल्या. मी उतरत्या पाळण्यात बसले. पाळणा उताराच्या बरोबर वरून जातो, त्यामुळे सगळा उतार मला वरून दिसला. हात पसरलेले, खांदे इकडून तिकडे, कोपरं उडतायत. गावातली सगळ्यात सुंदर उतरणारी बाई गावातल्या सगळ्यात वेड्यावाकड्या चालीने उतरत होती. पण पायाखालची रेघ तीच, बोटाने ओढल्यासारखी.

शेवटचा टप्पा आला. मागच्या वेळी बसल्या होत्या तीच जागा. त्या मंदावल्या. मी पाळण्याची दांडी घट्ट धरली. मंदावता मंदावता खांदे पुन्हा मूर्तीसारखे होऊ लागले, जुनी सवय. मी काय केलं मला आठवत नाही. ह्यांनी नंतर सांगितलं. हे पायथ्याशी उभे होते, त्यांना ऐकू गेलं. मी वरून, आख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडले, "आई, हला! हला!" मी, जिने इतकी वर्षं स्थिर ठेव म्हणून मागितलं.

त्या हलल्या. दोन्ही हात पंखांसारखे उघडले, खांदे झाडले आणि सुटल्या. पाळणा मागे राहिला.

मी पायथ्याशी पोचले तेव्हा मुख्य त्यांच्यासमोर उभे होते, दाढीत बर्फ. "पोरांना आता काय शिकवणार, बाई?"

"पोरांना पेलाच. पंख माझे."

घरी आल्यावर चमच्यांचा खण त्यांनी स्वतःच उघडला.

पहिला वर्ग बघायला मी गेले होते. पिवळ्या टोपड्यांची रांग, पुढे बदकबाई, निघण्याआधी हात फडफडवत. "पेला! छातीशी पेला धरा!" असं त्या ओरडत होत्या आणि मागे एकूण एक पोर हात पसरून फडफडत होतं. बघतील तेच करणार ना! दहा पावलांवर सगळे एकावर एक. त्या ढिगातून सगळ्यात लहान मुलीने डोकं वर काढलं, नाकावर बर्फ, आणि घाबरून विचारलं, "बाई, सांडला का हो पेला?"

सासूबाईंनी तिला काखेत धरून उभं केलं, टोपडं सारखं केलं.

"सांडू दे," त्या म्हणाल्या. "वर दूध खूप आहे."